मला साक्षीला ओढू नका

मी एक हाड बोलतोय. कुत्र्याच्या तोंडातलं नव्हे, पायातलं. निमगाव केतकीतल्या चित्र्याच्या पुढच्या डाव्या पायात, पंजाच्या जरा वर माझी जागा.

चित्र्या तेव्हा चार महिन्यांचा, थोराड बांध्याचा. त्याच्याबरोबर मीही भराभर वाढत होतो. वाढत्या हाडाचं टोक कोवळं असतं. १९९३च्या उन्हाळ्यात तिथंच आग पेटली. अंगात ताप, पुढचे दोन्ही पाय सुजलेले. चित्र्याला उभं राहवेना.

मालक तात्याबा. जन्म मेंढरांमागं गेला, आता डाळिंबं लावलेली. त्यांनी विळा तापवला.

"हाडात वारं शिरलंय. डागलं की उतरंल."

"मामा, आधीच अंग भाजतंय त्याचं. वरनं आनखी भाजताय?" सून सारजा म्हणाली.

"तू शिकीव आता मला. किती कुत्री राखलीस गं?"

डाग बसला. कातडी भाजली. मी आत तसाच ठणकत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सारजानं चित्र्याला गोणपाटात गुंडाळून इंदापूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला हळूच दाबून पाहिलं. "बाई, खरं कारण अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. माझा अंदाज, रक्तातले राखणदार चुकून घरच्यांवरच तुटून पडलेत."

"म्हंजी आमच्या भावकीवानीच म्हना की," सारजा म्हणाली.

डॉक्टर हसले. सुई टोचली, तापाचं, सुजेचं औषध पोटात द्यायला दिलं. मालिश नको, मनानं कॅल्शियम पाजू नका, असं बजावलं. दहा-बारा दिवसांनी चित्र्या उभा राहिला. मी जरासा वाकडा राहिलो, पण राहिलो.

आणि श्रेय कुणाला? डागाला! सहा वर्षं झाली, तात्याबा येईल त्याला माझ्यावरचा व्रण दाखवतात. "ह्यानं उठला. सुईनं न्हाय." औषध पोटात जिरतं, व्रण मात्र दिसत राहतो. शिकलेली माणसंही माना डोलावतात. या व्रणाच्या भरवशावर दोन पिल्लं डागली गेली, दोन्ही मेली. "उशिरा आनली," एवढंच तात्याबा म्हणाले.

आज सांगवीचा दत्तोबा तसंच पाय सुजलेलं पिल्लू घेऊन आलाय. विळा चुलीत आहे. तात्याबांनी चित्र्याचा पाय वर धरलाय.

"दत्तोबा, आधी अंगाला हात लावून बघा," सारजा म्हणतेय. "ताप हाय का न्हाय? इंदापूरला चला, मी येते संगं."

दत्तोबा तिच्याकडं बघत नाही. तो माझ्याकडं बघतोय.

मी थकलोय, बाबा. खोटी साक्ष देऊन थकलोय. मी वाकडा आहे तो आजारानं, चालतोय तो औषधानं. तुला दिसतोय तो व्रण नुसता भाजल्याचा आहे.