ओसरीवर दोघंच

हुमेराचं पत्र पोळ्याच्या आधी आलं होतं. दिवाळी होऊन गेली, दारांवरचे आकाशकंदील उतरले, तरी सोनाजीरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सकाळचा चहा झाला की ते कागद पुढ्यात घेत, 'चि. हुमेरा, अनेक आशीर्वाद' एवढं लिहीत आणि थांबत. पुढचं वाक्य सुचायचं, पण ते लिहिणारे आपण कोण, हा विचार त्याच्याही आधी येऊन बसायचा.

हुमेरा ही इस्माईल शिंप्याची मुलगी. सेनगावच्या वाचनालयाला लागूनच इस्माईलचं दुकान. बाप मशीनवर बसला की पोरगी वाचनालयात येऊन बसायची, आणि ग्रंथपाल सोनाजीराव काही न विचारता एखादं पुस्तक तिच्यापुढं सरकवायचे. बोलणं फारसं होत नसे, दोघंही बुजरे. शिकून ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागली. सोनाजीराव निवृत्त झाले, पण दुपारी वाचनालयातच जाऊन बसायची त्यांची सवय काही सुटली नाही.

पत्रात तिनं लिहिलं होतं, की तिनं आणि दोन मैत्रिणींनी मिळून फोनवरची एक नवी जागा तयार केली आहे. नाव 'ओसरी'. तिथंही ग्रुप करता येतात, गप्पा मारता येतात, फोटो टाकता येतात. फक्त दुसऱ्याकडून आलेलं पुढं ढकलता येत नाही. जे सांगायचं ते स्वतः लिहायचं, स्वतःच्या नावानं.

'काका,' तिनं पुढं विचारलं होतं, 'सगळं जग ज्या एका ॲपवर बसलंय, त्याला आमची ओसरी मागं टाकू शकेल का? मैत्रिणी नोकरी सोडून यात उतरायला निघाल्यात. मलाही नव्या वर्षाच्या आत ठरवायचंय. अब्बांना विचारलं तर म्हणतात, कर बेटा. त्यांना माझं सगळंच बराबर वाटतं. तुम्ही इतकी वर्षं माणसं पाहिलीत. आपली सेनगावची माणसं येतील का ओसरीवर? तुम्ही नाही म्हणालात तर मी नोकरी सोडणार नाही.'

त्या शेवटच्या वाक्यानं म्हाताऱ्याची झोप उडाली. बाजारात मेथीची जुडी घेताना ज्याचं ठरत नाही, त्याच्या शब्दावर एका पोरीनं आपली भाकरी टांगून ठेवावी! हो म्हणावं तर उद्या ती रस्त्यावर येईल. नाही म्हणावं तर आयुष्यभर वाटत राहील, की एका भित्र्या माणसानं तिचे पाय ओढले. शेवटी त्यांनी ठरवलं, की आधी आपण स्वतः ओसरीवर जाऊन पाहावं, चार माणसं येतात का बघावं, मग लिहावं.

इस्माईलनं त्यांच्या फोनवर ओसरी उतरवून दिली. सोनाजीरावांनी तिथं 'नमस्कार' लिहिलं. पुण्याहून 'नमस्कार काका' आलं. झालं. पुढं काय लिहावं, ते दोघांनाही सुचलं नाही.

मग धीर करून ते उत्तमरावांकडं गेले. उत्तमरावांचं खता-बियाण्यांचं दुकान, आणि 'आपलं सेनगाव' या मोठ्या ग्रुपचे ते मालक. जुन्या ॲपवरच्या या ग्रुपमध्ये निम्मं गाव होतं. उत्तमराव आले तर गाव येईल, असा सरळ हिशोब.

"उत्तमराव, एक नवीन आलंय. ओसरी म्हणून."

"काय हाय, खत का औषध?"

"नाही, फोनवरचं. आपल्या ग्रुपसारखंच."

"असं का! कोण कोण हाय तिथं?"

"मी आहे."

"आन?"

"इस्माईलची हुमेरा."

उत्तमराव बियाण्याच्या पोत्यावर थाप मारून हसले. "मंग म्या येऊन काय करू, सर? तुमा दोघाचं त्वांड पाहू? बाजार जिथं भरते तिथंच माणूस जाते. रिकाम्या वावरात एकल्यानं कांदे मांडून बसलो, तर माशी तरी येईन का?"

"पण तिथं खोटंनाटं फिरत नाही. दुसऱ्याचं पुढं पाठवताच येत नाही. स्वतःचं लिहावं लागतं."

"सोताचं? रोज?"

"सुचेल तेव्हा."

"तुमाला तरी सुचते का, सर? ग्रुपवर इतके दिस झाले, आजपावतर एक अंगठा दाखवला न्हाई तुमी! आन मला सांगून राहिले, सोताचं लिवा!"

दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. सोनाजीराव कानापर्यंत लाल होऊन बाहेर पडले. वाईट याचं वाटलं, की उत्तमराव खरं बोलत होते.

त्याच आठवड्यात मोठ्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर एक मोटारसायकल टँकरखाली गेली होती. चित्रण करणाऱ्यानं फोन अगदी खाली, त्या पोराच्या तोंडाजवळ नेला होता. पोराचे ओठ हलत होते. मागून कुणीतरी म्हणत होतं, "सरका ना भाऊ, नीट येऊ द्या." वर लिहिलं होतं, 'कमजोर काळजाच्यांनी पाहू नये. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.' एकाच दुपारी तो व्हिडिओ तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला. आणि त्याच्या खालोखाल गुलाबाची फुलं, उपवासाच्या चकल्यांची कृती, बायकोवरचा शिळा विनोद, त्या विनोदाला हसून लोळणारी पिवळी तोंडं.

सोनाजीराव मोरीत गेले आणि दुपारचं जेवण ओकून आले. तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि ग्रुपमधून बाहेर पडले. पुढं जुनं ॲपच फोनमधून काढून टाकलं. आयुष्यात इतकं ठाम काही त्यांनी क्वचितच केलं असेल. घरात धुणी भांडी होऊन फरशी पुसून काढल्यासारखं वाटलं. ओसरीवर शुकशुकाट होता, पण घाण नव्हती. आता हुमेराला हो लिहावं, असंही एक-दोनदा मनात आलं.

दिवाळीनंतरच्या बाजारच्या दिवशी इस्माईलनं दुकानातून हाक मारली.

"सर, नाराज होऊ नका, पन एक विचारू? प्रेमसिंगभाऊच्या मातीला तुमी काहून न्हाई आले?"

सोनाजीरावांना आधी कळेचना. प्रेमसिंग हा जवळच्या तांड्यावरचा शेतकरी आणि त्यांचा सगळ्यात जुना वाचक. दर बाजारी पुस्तक बदलायला यायचा आणि परत देताना टेबलावर आपटून म्हणायचा, "हे खोटं हाय, सर. असं कोनी बोलत नसते." सोनाजीरावांना मित्र असा तेवढा एकच. दोन बाजार तो आला नव्हता. सोयाबीन काढायची घाई असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"कधी?" एवढंच ते म्हणाले.

इस्माईलच्या हातातली कैची थांबली. "या अल्ला. तुमाला मालूमच न्हाई? ग्रुपवर आलं व्हतं ना सर! मंग तुमाला वेगळं सांगायचं कोनाच्या ध्यानातच आलं नसंल. मी बी समजलो, तुमाला तकलीफ असंल काही."

सोनाजीराव मिळेल त्या जीपनं तांड्यावर गेले. प्रेमसिंगची बायको नानीबाई दारातच बसली होती. मुलगा दिपक आतून पाणी घेऊन आला. सोनाजीराव खाली मान घालून बसले. काय बोलावं, याचे शब्द ते जुळवत असतानाच नानीबाई म्हणाली, "तुमचं आलं व्हतं, सर. दिपकनं वाचून दाखवलं. बरं वाटलं."

"माझं? काय आलं होतं?"

दिपकनं फोन काढून त्यांच्या हातात दिला. प्रेमसिंगचा फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रावरून काढलेला, डोळे वटारल्यासारखा. त्याखाली जोडलेले हात. पुन्हा जोडलेले हात. बोट वर सरकवावं तितके हातच हात, जणू धड नसलेल्या माणसांची रांग लागली होती. मध्येच कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा केक. मग हात. मग फवारणी पंपाची जाहिरात. एकानं फोटो पाहून, वर काय लिहिलंय ते न वाचताच 'हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा' टाकलं होतं. त्याचं पाहून आणखी दोघांनी अभिनंदन केलं होतं. कुणी त्यांना टोकलंही नव्हतं, कारण वाचलंच कुणी नव्हतं. आणि त्या राड्यात उत्तमरावांनी लिहिलेली एक ओळ होती: 'आदरणीय सोनाजी सर यांच्याकडूनही भावपूर्ण श्रद्धांजली.'

कुणीतरी आपलं तोंड उघडून त्यात स्वतःचा उष्टा घास कोंबावा, तशी सोनाजीरावांना शिसारी आली. फोन परत देताना बोटं धोतराला पुसावीत असं वाटलं. क्षणभर मोह झाला, की गप्प बसावं. म्हातारीला बरं वाटलंय, वाटू द्यावं. गप्प बसण्याची त्यांना सवयच होती.

"नानीबाई," ते म्हणाले, "ते मी लिहिलं नाही. मला माहीतच नव्हतं. मी आता येतोय ते इस्माईलनं आज सांगितलं म्हणून."

दिपक ओशाळून बाजूला पाहू लागला.

"माझा सासरा गेला तवा," नानीबाई म्हणाली, "मान्सं धाडली व्हती गावोगाव. सांगनारा मानूस दारातूनच सांगे. बसत नसे, पानी बी पीत नसे. तसाच म्होरच्या घरी. ज्याला सांगितलं तो जेवत्या ताटावरून उठून येई. हात कोन जोडत बसतंय? पायात वहान घालून यायचं. औंढ्यापासून मान्सं आलती, सर." तिनं दिपककडं पाहिलं. "ह्याला म्हनलं, सरांकडं मानूस धाड. तर म्हने, ग्रुपवर टाकलं की झालं."

"किती जण आले मातीला?" सोनाजीरावांनी विचारलं.

"खांदा बदलाया मानूस पुरत नव्हता," दिपक खाली पाहून म्हणाला.

परतताना सोनाजीराव घरी गेले नाहीत. उतरले ते थेट उत्तमरावांच्या दुकानात. आवाज चढवणं त्यांना जमत नसे. तो फाटल्यासारखा निघाला.

"माझ्या नावानं का लिहिलंत?"

"घ्या! म्या तुमची इज्जत राखली, सर. समद्या गावानं लिवलं, तुमचं एकल्याचंच नसतं तर कसं दिसलं असतं? तुमी ग्रुप सोडला तवा मीच म्हनलं, राहू द्या, सरांचं आपन पाहून घेऊ."

"तुम्ही गेला होतात का मातीला?"

उत्तमरावांना प्रश्नच समजला नाही. "टाकलं की म्या ग्रुपवर! पयला मीच व्हतो. पाहा ना येळ." आणि ते फोन काढून वेळ दाखवू लागले.

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. एक काम चोख पार पाडल्याचं समाधान होतं. सोनाजीरावांना सगळ्यात जास्त किळस आली ती त्या समाधानाची. आणि मग, आपण तरी काय केलं होतं, हे आठवून स्वतःचीही आली. ग्रुप सोडला आणि स्वच्छ झालो म्हणून घरात बसलो. तांडा काही दूर नव्हता. दोन बाजार मित्र आला नाही, तर उठून जायला कुणी अडवलं होतं?

त्या दिवशी ते टेबलाशी बसले आणि 'अनेक आशीर्वाद'च्या पुढं लिहिते झाले.

'तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, नाही. नोकरी सोडू नकोस. माझं चुकत असेल, मला या गोष्टीतलं फार कळत नाही, पण कळलं तेवढं लिहितो. मला वाटत होतं, लोक त्या जुन्या जागी एकमेकांसाठी बसलेत आणि घाण त्यांना नाइलाजानं सोसावी लागते. तसं नाही. तिथं सुटका मिळते. मेलेल्याच्या दारी जायचं नसेल तर दोन हात टाकायचे आणि सुटायचं. प्रेमसिंग गेला. मोठ्या ग्रुपनं त्याला हात जोडले आणि उचलायला माणसं मिळाली नाहीत. तुझी ओसरी माणसाला म्हणते, स्वतः लिही. ज्याला सुटायचंय तो तिथं कशाला येईल? मी सुद्धा येऊन एक नमस्कारच लिहिला.

'जुन्याला मागं टाकणारं काहीतरी येईल, नक्की येईल. पण ते माणसाला याहूनही स्वस्तात सोडवणारं असेल, म्हणजे याहून घाण असेल. ते तुझ्या हातून होऊ नये. ओसरी बंद कर असंही मला म्हणवत नाही. मात्र दोन माणसांसाठी कुणी घर बांधत नाही, हेही मला कळतं. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. उत्तर द्यायला मी इतके महिने लावले, त्याचाही येऊ दे.'

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. पाकिटावर पुण्याचा पत्ता लिहिला आणि पोस्टाची वाट धरली. इस्माईलच्या दुकानावरून जाताना तो आतून ओरडला, "कुठं निघालात सर, इतक्या घाईत?"

"हुमेराला पत्र टाकायला."

"फोन लावून देतो ना, आत्ता बोला!"

"नाही, लिहिलंय," सोनाजीराव म्हणाले आणि चालत राहिले.

पेटीपाशी ते थोडे घुटमळले. पाकीट अर्धं आत सरकवलं, अर्धं बोटांत धरून ठेवलं. मागं एक बाई पाकीट घेऊन उभी होती, ती म्हणाली, "टाकता का सरकता, बाबा?" तेव्हा त्यांनी ते सोडलं.