मुदत नसलेला परवाना

"मुदत किती मागितली होती?" खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं.

"एक वर्ष." आवाज इतका बारीक निघाला, की फार तर टेबलावरच्या टाचण्यांना ऐकू गेला असेल.

"मोठ्याने बोला हो."

"एकच वर्ष! अर्जात लिहिलंय तसं."

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरींच्या घड्या घालायची. हात असा, की तिने घातलेली घडी उलगडायला दोन वॉर्डबॉय लागत. म्हणून सगळे तिला घडीवालीच म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी याच कचेरीने तिला या देशात राहायचा परवाना पाठवला. मागितलं होतं वर्ष, छापून आलं 'मुदत नाही'. म्हणजे कायमचंच!

नवरा म्हणाला, "साहेबाला डुलकी लागली असेल. आपण कशाला उठवायचं? गप्प बस."

ती गप्प बसली, भीती काही बसेना. दाराची बेल वाजली की काळीज टुणकन उडी मारून घशात यायचं, पेलाभर पाणी ओतून खाली ढकलावं लागायचं. पोस्टमन दिसला की ही कपाटात. एकदा पाण्याचं मीटर बघायला माणूस आला, तर "घरी कुणी नाहीये!" असं हिनेच आतून ओरडून सांगितलं.

विमानतळाचं तर नावच नको. परत येताना पासपोर्ट उघडणार, कुणीतरी डोळे बारीक करणार, की संपलं. तिकडून आई फोनवर म्हणायची, "अगं, एकदा तोंड तरी दाखवून जा."

"कशी येऊ गं? मशीन बिघडलंय. चादरी छताला टेकल्यात. काल आमची एक बाई त्या ढिगात हरवली, शिट्ट्या मारून शोधली!"

आई खो खो हसायची. हसता हसता खोकायची. मागच्या हिवाळ्यात तो खोकला थांबला. भावाने मोबाइलवर दाखवलं, तेवढंच शेवटचं दर्शन.

आणि आता हे बोलावणं. जुने परवाने तपासतोय, पासपोर्ट घेऊन या. नवऱ्याने तर बॅगाही भरून ठेवल्या होत्या.

बाईंनी फाइल मिटली. "चूक आमचीच झालीय."

घडीवालीने पासपोर्ट खिडकीतून आत सरकवला. "बाई, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी गप्प राहिले. काय ती शिक्षा मला करा, ह्यांना नको."

"शिक्षा कसली? अर्ज खरा, कागद खरे. खोटं सांगून मिळवला असता तर रद्द केला असता. चुकून दिला, तरी दिलेला परवाना तो परवानाच. पहिल्या दिवसापासून पक्का."

"म्हणजे... मधे कधी आईकडे जाऊन आले असते, तर?"

"शंभरदा जायचं की! कोण अडवणार होतं?" बाई हसल्या. "आता या जाऊन निवांत."

मागचा माणूस खाकरला. "ताई, झालं ना तुमचं काम?"

"झालं," म्हणत ती बाजूला सरकली.

बाहेर नवरा पांढराफटक पडून उभा होता. "काय गं? पाठवतायत परत?"

"नाही. कुणी पाठवत नाही," ती म्हणाली. "जाता येत होतं म्हणे."

आणि कचेरीच्या पायरीवर, माणसांच्या येण्याजाण्याच्या अगदी मधोमध, ती बसून राहिली.