यंत्रातली बाई छान बोलते

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. तिच्या आवाजावर अख्खं शहर चालायचं. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे, कृपया बाजूला व्हा" असं ती म्हणायची आणि सुटाबुटातले साहेबसुद्धा पोट आत घेऊन बाजूला व्हायचे. बँकेच्या फोनवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ही थापही तिच्याच आवाजात मारलेली होती, आणि ती खरी मानून लोक तासन्‌तास फोन कानाला लावून बसायचे. घरात मात्र "जेवायला या" एवढं सांगायलाही तिला घसा कोरडा करावा लागे, आणि शेवटी आवाज चढला की "अगं, ओरडतेस कशाला?" असं वर ऐकून घ्यावं लागे.

नवरा विमा कंपनीत अधिकारी होता, पण तो आपला पोटापुरता. मनाने तो कॅप्टन होता आणि घरातले सगळे, पोरगीसुद्धा, त्याला कॅप्टनच म्हणायचे. सुट्टी म्हणजे विश्रांती असा ज्यांचा समज असतो त्या माणसांची त्याला कीव यायची. "झोपायचंच असेल तर घरची गादी काय वाईट आहे?" हा त्याचा सिद्धान्त. त्यामुळे दरवर्षी हे कुटुंब पैसे मोजून दमायला जायचं. एका वर्षी होड्या वल्हवल्या, एका वर्षी दोराला लटकून कडे चढले, आणि एका वर्षी बर्फावर तिचा पाय मुरगळला तेव्हा कॅप्टनने मोठ्या मनाने तिला गुण मोजायला खुर्ची आणून दिली.

या सगळ्या व्यायामाचं मूळ व्यायामात नव्हतंच, ते साडूत होतं. तिच्या धाकट्या बहिणीने दातांचा डॉक्टर केला आणि हा दंतवैद्य पहिल्याच भेटीत कॅप्टनला कॅरममध्ये हरवून बसला. तेव्हापासून दोघे "साडूभाऊ, साडूभाऊ" करत एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि खेळायला उतरले की एकमेकांच्या जिवावर उठायचे. सहली दोन्ही कुटुंबांच्या मिळून व्हायच्या, कारण हरवायला कोणीतरी लागतंच.

यंदा कॅप्टनने एक क्रीडाग्राम शोधून काढलं. आठवडाभराची 'कौटुंबिक क्रीडा सुट्टी', छताखालची कोर्टं, तरणतलाव, जेवणाच्या हॉलमध्ये गुणांचा फळा. जाहिरातीत सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत, 'भव्य ऐतिहासिक कॅथीड्रल चालत दहा मिनिटांवर' असंही होतं. ते कॅप्टनला दिसलं नाही. तिला मात्र तेवढंच दिसलं, आणि चहाचा कप तिने न पिताच खाली ठेवला.

नऊ वर्षांपूर्वी त्या कॅथीड्रलची माहिती सांगणाऱ्या यंत्रासाठी तिनेच आवाज दिला होता. प्रवासी आत शिरले की गळ्यात अडकवतात, कानाला लावतात आणि सांगेल तिकडे जातात, ते यंत्र. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला होता, "तिथे उभ्या असल्यासारखं वाचा." तिने समोरच्या काचेवर कॅलेंडरमधला फोटो चिकटवला आणि वाचलं. मधोमध एक वाक्य होतं, "आता इथे थांबा. श्वास घ्या. आणि हळूच वर पाहा." त्यानंतर बराच वेळ शांतता ठेवायची होती. त्या शांततेत तिनेही वर पाहिलं होतं. वर एक ट्यूबलाइट होती आणि ओल आलेला डाग.

ध्वनिमुद्रण करून ती घरी आली तेव्हा सगळं तपशीलवार सांगितलं होतं. कॅप्टन मॅच बघत होता. "हं, हं," म्हणाला. पुढे कधी विषय निघाला तर "तुझं ते बडबडीचं काम" एवढ्यावर भागायचं.

यंदा ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा फोन आला होता. एक तारखेपासून ती यंत्रं बंद. आता माहिती मोबाइलवर आणि आवाज संगणकाने बनवलेला. "त्याला चहा लागत नाही आणि सर्दी होत नाही," तो म्हणाला, जणू तिने सर्दी मुद्दामच करून घेतली होती. म्हणजे तिला जायचं तर याच आठवड्यात. स्वतःचा आवाज कानात घेऊन त्या छताखाली एकदा उभं राहायचं, आणि वर पाहायचं. बाकी तिला त्या सुट्टीकडून काही नको होतं.

"एक सकाळ माझी," तिने निघण्यापूर्वीच अट घातली.

"अगं, एक काय, दोन घे!" कॅप्टन म्हणाला. बोलाचीच कढी, मग हात आखडायचा कशाला?

तिथे गेल्यावर कॅप्टनने सगळ्यांना नारिंगी टी-शर्ट वाटले. त्याच्या पाठीवर 'कॅप्टन', पोरीच्या पाठीवर 'उपकॅप्टन', आणि तिच्या पाठीवर 'राखीव'. पहिल्या सकाळी पोहणं निघालं. दुसऱ्या सकाळी साडूंनी सायकलींचं आव्हान दिलं आणि आव्हान नाकारणं कॅप्टनच्या रक्तात नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती तयार होऊन दारात उभी राहिली, तर टेबल टेनिससाठी उपकॅप्टनचं मनगट दुखत होतं आणि राखीव खेळाडूची गरज पडली. "कॅथीड्रल काय पळून जातंय का?" कॅप्टन म्हणाला. "चारशे वर्षं उभं आहे ना?"

चारशे नव्हे, सहाशे. पण हेही तिने याआधी सांगितलेलंच होतं.

शेवटच्या दुपारी बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीची अंतिम लढत होती. एका बाजूला कॅप्टन आणि ती, पलीकडे साडू आणि तिची बहीण. दोन्ही बाजू एकेक गेम जिंकल्या होत्या. मधल्या विश्रांतीत कॅप्टन टॉवेलने मान पुसत तिला डावपेच समजावत होता. "साडूंच्या डाव्या खांद्याकडे मार. आणि तू मागे राहा. जाळीजवळ मी बघतो. मध्ये येऊ नकोस म्हणजे झालं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. कॅथीड्रल सहाला बंद व्हायचं, आणि उद्या पहाटेची परतीची गाडी होती.

"मी कॅथीड्रल बघायला जाते," ती म्हणाली.

"हं, हं," कॅप्टन म्हणाला. "डाव्या खांद्याकडे."

तिने रॅकेट बाकावर ठेवली आणि गेली. लपूनछपून नाही, चांगली समोरच्या दाराने. ती नाही हे कॅप्टनच्या लक्षात आलं ते साडूंनी मारलेलं फूल कोर्टाच्या मागच्या निम्म्यात निवांत पडलं तेव्हा.

कॅथीड्रलच्या दारात एक जाड स्वेटर घातलेली बाई यंत्रं वाटत होती. तिने एक यंत्र 'राखीव'च्या गळ्यात अडकवलं आणि "शेवटचे दोन दिवस हं यांचे," असं उगाच सांगितलं. ती आत शिरली. कानात तिचाच आवाज बोलू लागला, नऊ वर्षांनी तरुण. तिला कसंतरीच झालं, लाजल्यासारखं. आजूबाजूचे दहा-वीस अनोळखी लोक तिचं ऐकून डावीकडे वळत होते आणि कोणीही "ओरडतेस कशाला?" म्हणत नव्हतं.

मधल्या जागेपर्यंत ती पोचली, तिथे थांबायचं होतं आणि वर पाहायचं होतं. आणि तेवढ्यात दारात नारिंगी टी-शर्ट दिसला. ती चटकन एका खांबाआड झाली. खांब चांगला चार माणसांच्या कवेत न मावणारा होता. बांधणाऱ्यांचा दूरदर्शीपणा म्हणायचा.

"मला काही बघायचं नाही, बायको शोधायची आहे," कॅप्टन धापा टाकत स्वेटरवाल्या बाईला सांगत होता. "पंधरा मिनिटांत परत गेलो नाही तर आम्हाला हरलेलं धरतील."

"यंत्राशिवाय आत सोडत नाही," बाई म्हणाली. "आणि आत माणसं चुकतात. घालाच तुम्ही." तिने त्याच्या गळ्यात यंत्र घातलं, कानाला लावलं आणि बटणही तिनेच दाबलं.

कॅप्टन तरातरा निघाला आणि चारपाच ढांगांतच मंदावला. त्याच्या कानात काय चाललंय ते तिला पाठ होतं. यंत्रातली बाई सांगत होती, की बाहेर तुम्ही दोन मनोरे पाहिलेत, एक मान वाकडी केलेला आणि एक बिनडोक्याचा. या कॅथीड्रलच्या प्रमुख गवंड्याला दोन जावई होते. म्हातारा थकल्यावर धर्मगुरूंनी एकेका जावयाला एकेक मनोरा दिला. दोघांनाही सासऱ्याला दाखवून द्यायचं होतं. मग आपल्या मनोऱ्याच्या दगडांकडे बघायचं सोडून दोघे शेजारच्या मनोऱ्याच्या उंचीकडे बघत बांधू लागले. उजव्याने चुना सुकू दिला नाही, थरावर थर चढवले. एका हिवाळ्यात मनोरा कलला. डाव्याला तो कलल्याचा इतका आनंद झाला की त्याने कामगारांना जेवण घातलं, आणि धर्मगुरूंनी त्याचंही काम तिथेच थांबवलं. पुढे शंभर वर्षं कोणी त्या मनोऱ्यांना हात लावला नाही. आज जगभरचे लोक येऊन त्या साडूंच्या भांडणाला सौंदर्य म्हणतात.

कॅप्टन उभा राहून ऐकत होता. तोंड किंचित उघडं. मग "आता उजवीकडे वळा" आलं असावं, कारण तो उजवीकडे वळला. "तीन पायऱ्या जपून उतरा" आलं, आणि हा कडे चढणारा माणूस तीन पायऱ्या जपून उतरला. खिशातला फोन वाजला. साडूंचाच असणार. कॅप्टनने तो न बघता बंद केला. तिने खांबाला हात टेकला. तिच्या संसारात हे पहिल्यांदा घडत होतं आणि बघायला साक्षीदार कोणी नव्हता.

ती खांबाखांबांआडून त्याच्या मागे फिरली. यंत्र गावातल्या बेकरीवाल्यांनी वर्गणी काढून दिलेल्या रंगीत काचेच्या खिडकीसमोर थांब म्हणालं, तो थांबला. घोडेस्वारांनी इथे लढाईच्या दिवसांत घोडे बांधले होते म्हणालं, त्याने वाकून फरशी पाहिली. मग मधली जागा आली. कॅप्टन थांबला, त्याने श्वास घेतला, आणि हळूच वर पाहिलं. बराच वेळ. त्याचा चेहरा लग्नाआधी होता तसा दिसत होता, काही जिंकायचं नसलेला. तिचे डोळे भरून आले. ती त्याच्याकडेच बघत राहिली.

घंटा झाली. दहा मिनिटांत बंद होणार होतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की सगळा वेळ तिने नवरा पाहिला, छत पाहिलंच नाही. इथेसुद्धा याने आपला वेळ खाल्ला, आणि आपण तो हौसेने खाऊ दिला! ती रागाने खांबाआडून बाहेर आली.

"अगं, इथे आहेस होय!" कॅप्टनने यंत्र कानावरून काढलं. तो चिडलेला नव्हता, उलट उजळलेला होता. "मॅच गेली आपली. जाऊ दे. पण ही यंत्रातली बाई ऐकलीस का? काय छान बोलते! आणि तो उजवीकडचा जावई, त्याच्यावर अन्याय झाला हं. चुना सुकायला वेळ दिला असता तर जिंकला होता तो."

"हो का?"

"खरंच. मी कधी कोणाचं एवढं ऐकून घेतलं नाही. शांत, मुद्देसूद, फापटपसारा नाही. शेवटपर्यंत ऐकत राहावंसं वाटतं." मग नवरेपणा कुठे जाणार? त्याने आवाज खाली आणला, अगदी प्रेमाने. "तूही त्याच धंद्यातली आहेस ना? शिक जरा तिच्याकडून."

तिला ते फार लागलं. रडावं की यंत्र त्याच्या डोक्यात घालावं, दोन्ही मनात येऊन गेलं. मग तिने खांदे सैल सोडले, श्वास पोटात घेतला आणि काचेमागच्या त्या खोलीत बोलायची तशी बोलली. शांत, मुद्देसूद, फापटपसारा न करता.

"आता डावीकडे वळा. समोर आपल्याला लाकडी दार दिसेल. यंत्र काउंटरवर परत करा आणि सरळ बाहेर जा."

कॅप्टन डावीकडे वळला. यंत्र गळ्यातून काढत दाराच्या दिशेने चालूही लागला. अर्ध्या वाटेत त्याचे पाय जागीच खिळले. त्याने हातातल्या यंत्राकडे पाहिलं, ते मुकं होतं. मग मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"तू?"

"मीच."

तो परत तिच्यापाशी आला. आणि मग, खरोखरच दुखावल्यासारखा, म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?"

ती हसली. आधी नाकात, मग तोंडावर हात धरून, आणि मग हातही सुटला. ते हसू दगडांवर आपटत, कमानीकमानींतून वर चढत गेलं. स्वेटरवाली बाई दारातून डोकावली, उरलेले प्रवासी वळून बघू लागले, पण तिला थांबता येईना. हसू वरच्या वर कुठेतरी फिरत राहिलं, आणि ते कुठवर पोचलंय हे पाहायला तिने मान वर केली.