चटईवरचा वाघ

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. घरात बसायला अंथरतात तसली नव्हे. जाड काथ्याची, क्रिकेटच्या मैदानात कडांना खिळे ठोकून ताणून बसवतात तसली.

मी नवी होते तेव्हा माझ्यावर पडलेला चेंडू फणा काढायचा. आमच्या प्रांताच्या संघात एक फिरकी गोलंदाज होता. धंद्याने शिंपी, पण सारे त्याला भिंगरी म्हणत. माझ्या साथीने त्याने भल्याभल्यांची भंबेरी उडवली. माझी वीण कुठे उसवली, तर दाभण घेऊन तो स्वतः बसे. मैदानाच्या माळ्यालाही हात लावू देत नसे.

एका मोसमात पाहुण्या संघाचा कप्तान त्याच्या चेंडूवर भोपळाही न फोडता बाद झाला. परतताना तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "चटईवरचा वाघ आहे हा. मातीवर आणा, मांजर होईल."

संध्याकाळी भिंगरी मला टाके घालत होता. शेजारी त्याची बायको बसली होती.

"फार मनाला लावून घेतलंत?" तिने विचारलं.

"तसं नाही गं. पण तो म्हणतो ते खरं की खोटं, मलाही ठाऊक नाही."

"मग बघा की एकदा."

भिंगरीने चटई काढायची विनंती केली तेव्हा प्रांताच्या क्रिकेट मंडळाचे चिटणीस म्हणाले, "अरे, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?" तो हटला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी तोच संघ आला, तेव्हा मी सीमारेषेबाहेर गुंडाळलेली होते. भिंगरीची बायको माझ्यावरच बसून खेळ पाहत होती. मातीवर चेंडू वळेना. पाहुण्या कप्तानाने त्याला अगदी धुऊन काढलं. शेवटी आमचा कप्तान जवळ आला.

"राहू दे आता. वळत नाहीये."

"वळत नाही, तर तरंगवून बघतो. एक षटक द्या."

त्याने चेंडू उंच, हळू सोडला. पाहुणा कप्तान हुरळून पुढे धावला. चेंडू त्याच्या अंदाजाच्या अलीकडेच पडला, बॅट हवेत फिरली आणि यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवल्या. बायकोने माझी कड घट्ट धरली. मग एकामागून एक गडी त्याच मोहाला बळी पडले. सामना आम्ही जिंकला.

पाहुणा कप्तान हात पुढे करत आला. "मागच्या वर्षीचे शब्द मागे घेतो."

"सगळे नका घेऊ," भिंगरी म्हणाला. "वाघ तेवढा राहू द्या."

त्यानंतर मैदानात मातीच राहिली आणि मी कोठीत गेले. देशाच्या संघाचं बोलावणं भिंगरीला कधी आलं नाही. पण प्रांतासाठी तो केस पिकेपर्यंत खेळला आणि बहुतेक सामने त्यानेच काढून दिले. अधूनमधून तोच मला कोठीतून काढून ऊन दाखवी; तो थकल्यावर मला कोणी उलगडलं नाही. उंदरांनी कडा कुरतडल्या.

हल्ली एका मुलींच्या शाळेने मला क्रिकेटसाठी नेलं आहे. मुलींनो, मला ओली गुंडाळू नका, खिळे न काढता ओढू नका, अधूनमधून ऊन दाखवा. एवढं केलंत, तर अजून पुष्कळ जणांना तंबूत पाठवायची माझी तयारी आहे.