उष्टा पेला

“पेला बी घेऊन जाय, बापा. तो आता घरात ठेवता येत नाई.”

मित्रांनो, किती उन्हाळे गेले, पण पार्बताबाईचा हा आवाज माझ्या काठावरून अजून पुसला गेलेला नाही. मी एक जुना पितळी पेला आहे. माझ्या बुडाशी पोचा आलेला आहे, त्यामुळे कुठेही ठेवलं तरी मी थोडा कलून बसतो. तुम्ही मला पाहून हसाल. हसा. पण माझी गोष्ट ऐकून मग हसा.

अमरावतीच्या एका तांबटाने पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात पार्बताबाईने मला पाहिलं, बोटाने टिचकी मारली, माझा नाद ऐकला आणि आपल्या धाकट्या लेकासाठी, देवीदाससाठी, घरी नेलं. ते माळ्याचं घर. वांगी, मेथी, शेवंतीची फुलं. मळ्यात मोट चालायची आणि तिचं पाणी पडायचं त्या थारोळ्यातलं गार पाणी माझ्यात भरून देवीदास घटाघटा प्यायचा. त्याच्या दातांचा पहिला ठसाही माझ्याच काठावर उमटला. ते माझं बाळपण आणि तेच त्याचंही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून फार वर्षं झाली नव्हती. देवीदास अमरावतीला शिकायला गेला. चार वर्षांनी आला तो बाप्तिस्मा घेऊनच. पार्बताबाई रडली नाही. तिने मला पाण्याने भरलं, ओट्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरकून उभी राहिली. देवीदास पाणी प्याला. त्याने मला परत करायला हात पुढे केला, तेव्हा तिने तेच म्हटलं, पेला बी घेऊन जाय. त्याचं उष्टं भांडं आता घरच्या भांड्यांत मिसळणार नव्हतं. मी सदऱ्याच्या खिशात मावत नव्हतो. त्याने मला उपरण्यात बांधलं. वाटभर माझ्यावर काहीतरी ओलं पडत होतं, आणि आभाळ तर कोरडं होतं.

पुढे शिकून तो पाळक झाला आणि अकोल्याला आला. मोर्णा नदीच्या पलीकडे, कापसाच्या जिनाच्या मागे एक वस्ती होती. तिथली माणसं वाजंत्री वाजवायची, सरकी वेचायची, गटारं उपसायची. गावच्या विहिरीला त्यांचा हात लागायचा नाही. कुणी पाणी दिलंच तर वरून ओंजळीत ओतायचं. देवीदास तिथेच झोपडी बांधून राहिला. लोकांना आधी वाटलं, हा चार दिवसांचा पाहुणा. पण तो रोज संध्याकाळी टाळ घेऊन गल्लीत बसायचा, येशूची गोष्ट ओव्यांत गायचा. कुणाचा अर्ज लिहून द्यायचा, कुणाच्या लेकराच्या कानात तेल घालायचा. हिवतापाच्या साथीत त्याने दारोदार काढा पोचवला. हळूहळू माणसं जवळ सरकली. तुराट्यांच्या भिंती आणि वर टिनाचं छप्पर, असं प्रार्थनेचं घर उभं राहिलं.

प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच पेल्यातून घोट घ्यायच्या विधीसाठी, भांडं हवं होतं. देवीदासने उपरण्याची गाठ सोडली आणि मला पुढे ठेवलं. मित्रांनो, ज्याला एका घराने बाहेर काढलं, तो एका मंडळीचा पेला झाला. त्या दिवशी माझ्यात ऊन पडलं होतं आणि मला वाटलं, मी सोन्याचाच आहे.

रात्रभर भिजवलेल्या मनुका कुस्करून, फडक्यातून गाळून ते गोड पाणी माझ्यात भरत. पाळकाने पहिला घोट घ्यायचा, मग मी हातोहात फिरायचो. म्हातारे वाजंत्री नत्थुजी दर वेळी म्हणायचे, “पाद्रीबोवा, एवढुशा घोटानं तर जीभबी भिजत नाई.” सगळे हसायचे, आणि त्या हसण्यातच प्रार्थना सुरू व्हायची. एकदा मिशनचे मोठे साहेब आले. एकाच पेल्याला इतक्या जणांचे ओठ लागलेले पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला हातात उचलून देवीदासचं फार कौतुक केलं. देवीदास खाली पाहत राहिला. लोकांना तो विनय वाटला.

मला मात्र खरं ठाऊक होतं.

मंडळीची रीत अशी, की सगळ्यांचं झाल्यावर तळाशी उरेल ते पाळकानेच पिऊन संपवायचं. ते सांडायचं नाही, टाकायचं नाही. पहिल्याच रविवारी देवीदासने मला तोंडाला लावलं. सोळा माणसांच्या ओठांचा ओलावा माझ्या काठावर होता. त्याचा घसा आवळला. त्याला प्यायचं नव्हतं असं नाही. त्याने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, पुन्हा प्रयत्न केला. घसा उघडेना. मग तो लोकांकडे पाठ करून बाहेर गेला आणि उरलेलं पाणी सदाफुलीच्या बुडाशी ओतलं. परत येताना ओठ पुसले. सहा वर्षं, दर महिन्याला, तेच. ज्या माणसाने वस्तीतल्या तापकऱ्यांच्या ओकाऱ्या हातांनी काढल्या, त्याला त्यांचा एक घोट उतरत नव्हता. मी काय करणार? पेल्याला कान असतात, जीभ नसते.

आणखी एका माणसाला ते कळलं होतं. गंगूबाई. वस्तीतली एकटी म्हातारी. मला घासायचं काम तिने मागून घेतलं होतं. राख आणि चिंच लावून ती मला सदाफुलीजवळच घासायला बसायची. झाडाच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागलेली तिने पाहिली. गोड पाण्याच्या मुंग्या. हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. ती कुणाला काही बोलली नाही. फक्त घासताना एक ओवी म्हणू लागली:

पितळेचा पेला माय, राखेनं उजळला
मनातला काळा डाग, कोनाले कळला

देवीदास ती ओवी ऐकायचा. ओवी गोड आहे म्हणायचा.

मग जयवंता आली. नाल्याकडच्या ओळीतली, जिनात सरकी वेचणारी. नवरा गेलेला, जीभ तिखट. तिच्या ओळीत अकरा घरं होती आणि त्या घरांत तिचा शब्द चालायचा. वर्षभर ती दाराशी उभी राहून ऐकत होती, आत कधी बसली नाही. एके रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं, “पाद्रीबोवा, एक इचारू काय? तुमी सगळ्याईच्या आधी काहून पेता?”

देवीदासने मंडळीची रीत समजावून सांगितली. सांगताना त्याचा हात माझ्यावर घट्ट झाला होता.

“रीत चांगली हाय,” ती म्हणाली. “पण मले आजवर जे भेटलं ते वरून ओतलेलं भेटलं. मी माणसाच्या हातचं पाणी पेली, पण माह्या हातचं कोनी पेलं नाई. तुमी म्हनता, इथं उष्टं कोनाचंच नसते. मंग माह्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मी आधी पेते, तुमी माह्या मागून प्या. तसं झालं तर आमची अकराच्या अकरा घरं येतीन.”

नत्थुजी हसून म्हणाले, “घ्या, बाई सौदा करून रायली देवासंगं.” सगळे हसले. देवीदासही हसला आणि हो म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता आलं नसतं.

मित्रांनो, त्या आठवड्यात देवीदास जेवला नाही. झोपडीत गुडघ्यांवर बसून तो एकच मागणं मागायचा. कधी मला साध्या पाण्याने भरून गंगूबाईपुढे धरायचा, तिला दोन घोट प्यायला लावायचा, मग मला स्वतःच्या ओठांपर्यंत न्यायचा. घसा तसाच. गंगूबाई विचारायची नाही की हे काय चाललंय. मान खाली घालून ती मला घेऊन जायची. मी आतल्या आत घुमत होतो. मला वाटायचं, माझा काठ वितळून जावा, म्हणजे कुणाचा ओठ कुठे लागला ते कळणारच नाही.

तो रविवार उजाडला. अकरा घरांतली माणसं न्हाऊनधुऊन आली होती. आत जागा पुरली नाही, पोरंटोरं दारात बसली. जयवंताने हिरवं लुगडं नेसलं होतं. तिचा बाप्तिस्मा झाला. मग मी तिच्या हातात गेलो. मित्रांनो, मी किती हात पाहिले, पण मला असं कुणी धरलं नव्हतं. दोन्ही तळव्यांत, जसं नुकतं जन्मलेलं लेकरू धरावं. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मला तिने स्वतः देवीदासकडे नेलं.

सगळ्यांच्या माना पुढे वळल्या. जिनाचा भोंगा त्या दिवशी बंद होता.

देवीदासने मला घेतलं. वर उचललं. मी त्याच्या श्वासाइतका जवळ आलो. त्याच्या ओठांना मी लहानपणापासून ओळखत होतो. आज ते घट्ट मिटलेले होते. मी मनात म्हणत होतो, पी रे, पी, हा घोट पार्बताबाईच्या पाण्यासारखाच गोड आहे. पण माझं म्हणणं कुणाला ऐकू जाणार? मग त्याची बोटं सैल पडली. मी शेणाने सारवलेल्या भुईवर, मध्ये बसवलेल्या दगडावर आदळलो. मनुकांचं पाणी सांडलं आणि मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

“हात घसरला,” देवीदास म्हणाला. “माफ करा, हात घसरला.”

लोक हळहळले. कुणी म्हणालं, उपासाने अशक्तपणा आला असेल. कुणी म्हणालं, पुन्हा भरा. जयवंताने त्याच्या हाताकडे पाहिलं. दिवसभर सरकीतून खडे निवडणारी बाई ती. घसरलेला हात आणि सोडलेला हात तिला वेगळा ओळखता येत नसेल काय? तिने खाली वाकून मला उचललं, पदराने पुसलं, चौरंगावर ठेवलं आणि बाहेर पडली. तिच्यामागे एकेक करून अकरा घरं उठली. कुणी भांडलं नाही. पायांचा तेवढा आवाज झाला.

त्या दिवसापासून मी कलून बसतो.

पुढच्या वर्षी साथ आली. मोठ्या साहेबांनी काचेच्या इवल्या इवल्या पेल्यांचं एक तबक पाठवलं. प्रत्येकाला आपला वेगळा पेला. सगळ्यांनी म्हटलं, रोगराईत हेच बरं. देवीदासनेही तेच म्हटलं. मला गंगूबाईने आपल्या घरी नेलं. तिच्या कोनाड्यात मी मीठ सांभाळू लागलो. मिठाने मी हिरवा पडलो. मंडळी सोळाची बारा झाली, बाराची नऊ. नाल्याकडच्या ओळीतून टाळाचा आवाज कधी आला नाही. देवीदास दर रविवारी ओरडून ओरडून सांगायचा, सगळ्यांना सारखं लेखा, आणि तुराट्यांच्या भिंती ते ऐकायच्या.

मित्रांनो, भांड्याची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. घासा, पुसा, कल्हई करा. माझी विनवणी निराळी आहे. कुणाला पाणी द्याल तर पेला खाली ठेवू नका, हातात द्या. आणि कुणी आपल्या हातचं पाणी पुढे केलं, तर ते घ्या. जे ओठ आपल्या आधी लागले, तेही तहानेलेच होते. मला हे सांगायला तोंड नव्हतं, म्हणून मी इतकी वर्षं नुसता पाहत राहिलो.

एका उन्हाळ्यात गंगूबाईने अंथरूण धरलं. देवीदास दुपारी तबक घेऊन आला. तिने काचेचा पेला हाताने बाजूला सारला आणि कोनाड्याकडे बोट दाखवलं. देवीदासने माझ्यातलं मीठ ओतलं, मला धुतलं. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“बाप्पा,” ती म्हणाली, “त्या सदाफुलीखाली मी सहा वर्सं मुंग्या पाह्यल्या. म्या कोनाले सांगतलं नाई. वाटे, आज ना उद्या तूच सांगशीन. माह्यासाठी नोको पेऊ. आता माह्यात काय उरलं? पन त्या जयवंताकडं जाय.”

 देवीदास तिच्या पायाशी बसून राहिला. ऊन उतरलं तेव्हा त्याने मला हातात घेतलं, झाकलं नाही, आणि भर वस्तीतून नाल्याकडे चालू लागला. केस पिकलेला पाळक हिरवा पडलेला पेला घेऊन चाललाय, हे लोक दारातून पाहत होते.

जयवंता अंगणात सरकी निवडत होती. तिने वर पाहिलं, मला ओळखलं. तिचेही केस पांढरे झाले होते.

“काय पाद्रीबोवा,” ती म्हणाली, “पेल्याले कल्हई करायले निंगाले काय? कल्हईवाला तिकडं बसते, चौकात.”

शेजारच्या बाया हसल्या. देवीदास हसला नाही. तो तिच्यासमोर खाली मातीत बसला. मला त्याने दोघांच्या मध्ये ठेवलं आणि मी माझ्या पोच्यावर कललो.  इतकी वर्षं व्यासपीठावरून शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडी चांदूर बाजारच्या मळ्यातली भाषा आली.

“जयवंताबाई,” तो म्हणाला, “हात घसरला नोता. म्याच पेला सोडला. तुमचं उष्टं माह्यानं पेववलं नाई.”