पेटी एकाकडे, गाडी दुसऱ्याकडे

मित्रांनो, माझ्यावर खडूने कोणी लिहीत नाही आणि माझ्यासमोर वर्गही भरत नाही, तरी मी एक फळाच आहे. आता जुना झालो आहे. पुलाजवळच्या लहान रुग्णालयात, औषधांच्या कोठीशेजारच्या खोलीत एक राखाडी संगणक घरघरत असतो. त्याच्या पोटात मी राहतो.

मला घडवणाऱ्या अभियंता बाईंना सगळे ‘खोडरबर बाई’ म्हणत, कारण त्या लिहीत थोडे आणि खोडत फार. आपल्या शहरातल्या रुग्णालयांचे संगणक वेगवेगळे होते. कुठे काय रिकामे आहे, हे एकाचे दुसऱ्याला कळत नसे. म्हणून बाईंनी निरोपे तयार केले. निरोप्या म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. तो एका संगणकातून निघतो, तारेवरून दुसऱ्यात जातो, तिथे चौकशी करतो, नाही मिळाले तर तिसऱ्याचे दार ठोठावतो. पाठवणाऱ्याला खुर्चीवरून उठावे लागत नाही.

पण अनेक निरोपे एकाच वेळी धावू लागले की गोंधळ होणारच. त्यांनी एकमेकांना काय सांगायचे ते एका जागी लिहावे, म्हणून मी आलो. ‘प्राणवायूची टाकी मी घेतली’ असे एकाने माझ्यावर लिहिले की दुसरा ते वाचून पुढे जाई. सुरुवातीला एकाने दुसऱ्याची नोंद पुसली आणि टाकी भलत्याच दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा बाईंनी नियम केला, ज्याने लिहिले त्यानेच पुसायचे. नियम चांगला होता. मी तो इमानेइतबारे पाळला, आणि त्या काळी माझे कौतुकही पुष्कळ झाले. पुढे सगळे सुरळीत चालू लागले आणि माझ्याकडे बघायचे लोक विसरले. जे बिघडत नाही त्याच्याकडे कोण बघतो?

एका सकाळी आमच्या रुग्णालयात एक बाळ दिवस भरण्याआधीच जन्मले. अगदी ओंजळीत मावेल एवढे. त्याला ऊब देणारी काचेची पेटी नेमकी त्याच सकाळी गार पडली. मोठ्या सिस्टरनी निरोप्या धाडला. एक पेटी हवी आणि ती आणायला गाडी हवी. अशा जड पेट्या चढवता येतील अशी, मागून फळी उतरणारी गाडी शहरात एकच होती.

निरोप्याला बाजारपेठेतल्या रुग्णालयात शहरातली एकमेव रिकामी पेटी सापडली. त्याने माझ्यावर लिहिले, ‘पेटी घेतली. गाडी मिळेपर्यंत थांबतो.’ त्याच्याच जरा वर टेकडीवरच्या रुग्णालयाच्या निरोप्याने लिहिले होते, ‘गाडी घेतली. पेटी मिळेपर्यंत थांबतो.’ तिथेही एक बाळ लवकर आले होते.

मित्रांनो, दोघेही निरोपे गुणी होते. दोघेही शहाण्यासारखे थांबले, आणि थांबूनच राहिले. दोन्हीकडच्या पडद्यांवर एवढेच दिसत होते, ‘शोध चालू आहे’. कसला शोध? माझ्या अंगावर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी होत्या. त्या वाचता येत होत्या, पण पुसायचा अधिकार मला नव्हता. जीव नुसता तळमळत होता.

बाहेर बाळाचे वडील भिंतीला टेकून उभे होते. ते रंगारी होते, कामावरून तसेच धावत आले होते, आणि हातांवरचा ओला रंग कशाला लागू नये म्हणून हात पुढे धरून होते. बाळाची मावशी दर थोड्या वेळाने दारात येऊन विचारत होती, “आली का हो पेटी?” शेवटी मोठ्या सिस्टर तरातरा माझ्या खोलीत आल्या. त्यांनी माझ्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली, वाचले आणि शेजारचा फोन उचलला.

“टेकडीवरून बोलताय ना? अहो, गाडी तुम्ही धरून ठेवलीय.”

“आम्ही कधीची वाट बघतोय,” तिकडच्या सिस्टर म्हणाल्या. “पेटीच येत नाहीये.”

“पेटी आम्ही धरलीय.”

“घ्या. म्हणजे घोडं आमच्याकडे आणि खोगीर तुमच्याकडे.”

दोघी हसल्या नाहीत. तिकडून प्रश्न आला, “तुमचं बाळ कसं आहे?”

“किलोभरसुद्धा नाही हो. पाय गार पडायला लागलेत. तुमचं?”

“आमचं जरा धरून आहे. आईच्या छातीशी बांधलंय. रडतंय मोठ्यांदा.”

“मग गाडी...” एवढेच आमच्या सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्याच्या लेकराची ऊब कशी मागायची? तिकडच्या सिस्टरना ते समजले. “तुम्ही मागू नका,” त्या म्हणाल्या. “पण मीही परस्पर सोडायची नाही. बाळ तिचं आहे. तिला विचारते.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसते रडणे ऐकू येत होते, आधी लांबून, मग जवळून. मग एक थकलेला आवाज आला.

“ताई, गाडी घ्या तुम्ही. माझं रडतंय ना, ते राहील माझ्याजवळ. तुमचं रडायला लागलं की मला कळवा.”

टेकडीच्या निरोप्याने आपली नोंद पुसली. आमच्या निरोप्याने डोळ्याचे पाते लवण्याच्या आत गाडी घेतली. पेटी आली. दुपारी आमचे बाळ रडले, अगदी बारीक, आणि सिस्टरनी सगळ्यात आधी टेकडीवर फोन लावला. तिकडे त्या बाळाला आई दमली की बापाने, बाप दमला की आत्याने छातीशी धरले. संध्याकाळी एक पेटी मोकळी झाली आणि तीच गाडी ती घेऊन टेकडी चढली. दोन्ही बाळे घरी गेली.

खोडरबर बाईंनी मग नवा नियम लिहिला. हातात धरलेल्या वस्तूने काम होत नसेल, तर थोड्या वेळाने ती खाली ठेवायची आणि पुन्हा मागायची. दुसऱ्या शहरांतले लोक तो बघायला आले. चार दिवस मी नवरदेवासारखा मिरवलो.

आता माझी जागा घ्यायला नवे यंत्र येत आहे. ते कुठेतरी दूर बसते आणि म्हणे कोणाला थांबूच देत नाही. बाळांची वजने बघून पेटी कोणाची हे स्वतःच ठरवते. माझ्या डोक्यावर सध्या कोणाची तरी छत्री वाळत असते. त्याचे मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? तरी नवे यंत्र माझ्याहून हुशार आहे, हे मी मान्य करतो.

त्या सकाळी ते असते, तर त्यानेही पेटी आमच्याच बाळाला दिली असती, आणि लवकर दिली असती. घाई असेल तेव्हा तसेच व्हावे. पण मग टेकडीवरच्या त्या आईला इतकेच कळले असते, की आपल्या बाळासाठी निघालेली गाडी कोणीतरी वळवली. तिने ती दिली होती. आमच्या रंगाऱ्याने पुढे टेकडीवर जाऊन तिच्या घराच्या भिंती रंगवून दिल्या, त्या देण्यामुळेच.

म्हणून मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही अशी यंत्रे घडवाल, तेव्हा माझे एवढे ऐका. त्यांना धावायला शिकवा, सोडायला शिकवा. आणि कोणाच्या हातातले काही काढून घ्यायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला फोन लावायला शिकवा.