जिन्यापुरता उजेड

"इथं काळं आहे," बाई म्हणाल्या.

"काळं म्हणजे?"

"म्हणजे नाव खोडलंय, काका. वरून काळी पट्टी मारलीय. मलाही वाचता येत नाही."

"बरं झालं. निदान एवढ्यापुरते तरी तुम्ही न् मी सारखे."

बाई हसल्या, तशी त्यांच्या खुर्चीची बैठक कुरकुरली. प्लास्टिकच्या पट्टीचे विणकाम, तेही सैल, अशी वेतवाल्याने मनात नोंद घेतली. आयुष्यभर खुर्च्या विणणाऱ्या माणसाला समोरच्याची खुर्ची आधी ऐकू येते, माणूस नंतर.

सरकारी कचेरीच्या तळमजल्यावरची ती जुन्या नोंदींची खोली होती. धूळ, खळ आणि भिजून वाळलेला कागद, सगळ्यांचा मिळून एक वास. सरकारने आपल्याबद्दल काय लिहून ठेवले आहे हे विचारायचा हक्क कोणालाही असतो. वेतवाल्याने अर्जात एकच गोष्ट विचारली होती : माझ्या घरची खबर कल्याण खात्याला कोणी दिली? अर्ज पोस्टमनने लिहून दिला होता, आणि खाली एक ओळ जास्तीची घातली होती. मला दिसत नाही, तेव्हा कागद पाठवू नयेत, वाचून दाखवावेत. म्हणून आज तिथल्या कारकून बाई वाचत होत्या आणि तो ऐकत होता.

एरवी त्याचे सगळे लिहिणे-वाचणे वरच्या मजल्यावरचा शिंपी करायचा. पण शिंप्याशी त्याने बोलणे टाकले होते. खबर देणारा शिंपीच, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

झाले होते असे. अंधांना मिळणारा भत्ता एक दिवस थांबला. चौकशी केली तर उत्तर आले, तुमच्या घरात रोज संध्याकाळी दिवा जळतो, म्हणजे कोणी डोळस माणूस राहतो. दिवा जळत होता हे खरेच. बायको गेल्यापासून घरात दुसरे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. दिवा जळायचा तो शिंप्यासाठी. इमारतीचा जिना वेतवाल्याच्या दारापाशी वळतो, तिथल्या पायऱ्या झिजून उतरत्या झालेल्या, आणि मालकाने लावलेला बल्ब तिथे कधी टिकला नाही. शिंप्याची नजर सुया ओवून ओवून अधू झालेली. तो दुकान बंद करून यायच्या सुमारास वेतवाला दारावरच्या झरोक्यातला बल्ब लावायचा, म्हणजे उजेड वळणावर पडायचा. जुन्या तऱ्हेचा, तापणारा बल्ब. लागला की नाही हे त्याला तळहाताने कळायचे.

शिंपी जिना चढताना रोज काहीतरी बडबडायचाच. "आंधळ्याच्या गायी देव राखतो, वेत्या, आणि शिंप्याची हाडं आंधळा राखतो!" अशाच थट्टेत एकदा तो म्हणाला होता, "आंधळ्याच्या घरी दिवा! सरकारला सांगू का रे?" तेव्हा दोघेही पोट धरून हसले होते. पुढे भत्ता थांबला आणि ते वाक्य वेतवाल्याच्या कानात परत आले, हसू मागे ठेवून एकटेच.

संशयाला एकदा बसा म्हटले की तो मुक्कामच ठोकतो. वेतवाल्याने दिवा लावणे बंद केले. शिंप्याने एकदोनदा दार वाजवले, ते उघडले नाही. मग एका संध्याकाळी वळणावर पाय सटकल्याचा आवाज आला. पिशवी गडगडली, कात्री पायरी पायरी वाजत खाली गेली. शिंपी बराच वेळ तिथेच बसून कण्हत होता. दाराच्या अलीकडे वेतवाला उभा होता. हात कडीवर होता. कडी त्याने काढली नाही. माणसे जमली, शिंप्याची बायको, वहिनी, धावत खाली आल्या, शिंप्याला उचलून नेले, तरी काढली नाही.

तेव्हापासून त्याच्या डोक्यावर, शिंप्याच्या घरात रात्री चालणारे शिलाईमशीन बंद होते.

"वाचा बाई," तो म्हणाला. "नाव नका सांगू. तो माणूस शेजारचा आहे का, एवढंच सांगा."

बाईंनी पान उलटले. सुरुवातीला त्या सरकारी कागद वाचावा तशाच वाचत होत्या, सपाट, भरभर. पण समोर जीव कानात आणून बसलेला श्रोता असला की वाचणाऱ्याचा गळाही बदलतो. आता त्या एकेक शब्द सुटा करून, त्याच्या ओंजळीत ठेवावा तसा वाचू लागल्या.

"'वीज खात्याकडून कल्याण खात्यास दरमहा पाठविल्या जाणाऱ्या नोंदींची पडताळणी होत असता सदर बाब आपोआप निदर्शनास आली.'"

"परत वाचा."

त्यांनी परत वाचले.

"आपोआप म्हणजे कोण?"

"कोणीच नाही, काका. तुमच्याकडे नवा मीटर बसवलाय ना? किती वाजता किती वीज गेली ते तो लिहून ठेवतो. वीज खात्याचं यंत्र ते कल्याण खात्याच्या यंत्राला कळवतं. त्याला दिसलं, अंध माणूस, एकटा, आणि संध्याकाळी दिवा. त्यानं खूण केली. खाली साहेबांनी सही केली."

"मध्ये माणूस नाहीच?"

"सहीपुरता."

"तक्रार? एखादी निनावी चिठ्ठी?"

बाईंनी पहिल्यापासून पाने चाळली. घाई केली नाही. "नाही हो. असं काहीच नाही."

"मग ते काळं केलंय ते कोणाचं नाव?"

"तुमच्यासारख्यांची आहेत. ही यादीच आहे. तुमच्या वर नावं, खाली नावं. दुसऱ्याची माहिती तुम्हाला दाखवायची नाही असा नियम आहे, म्हणून तुमचं तेवढं उघडं ठेवलंय."

"पुष्कळ आहेत?"

"पान भरून."

वेतवाल्याने ते शब्द मनात घोळवले. पान भरून माणसे. त्यांतल्या कितीकांच्या डोक्यावर किंवा भिंतीपलीकडे असाच एखादा शिंपी राहत असेल, आणि त्याला आपला गुन्हा काय तेही ठाऊक नसेल.

"काका, रागावू नका," बाई जरा थांबून म्हणाल्या, "पण तुम्हाला दिसत नाही, घरात दुसरं कोणी नाही. मग दिवा कशाला?"

"हे फाइलीत विचारलंय कोणी?"

"नाही. तसा रकानाच नाही."

मग त्याने सांगितले. जिना, वळण, शिंप्याची नजर. पडण्याचेही सांगितले, कडीचे मात्र ओठावर आले आणि परत गेले. नंतर कागद ओढल्याचा आवाज आला.

"हे असंच्या असं अपिलात घालू या. मीच लिहून देते. पण एक ऐका माझं. निकाल लागेपर्यंत दिवा लावू नका. नोंद दर महिन्याला जाते. पुन्हा दिवा दिसला तर तुमचं अपील उभंच राहणार नाही."

त्याने मान डोलावली, बाईंनी बोट धरून दाखवलेल्या जागी सही केली. उठता उठता म्हणाला, "खुर्ची तेवढी माझ्याकडे पाठवा. एक दिवस बुडासकट खाली जाल."

घरी पोचेपर्यंत रस्त्यावरची दुकाने बंद व्हायला लागली होती. फळ्या सरकत होत्या, कुलपे लागत होती. जिना चढून तो स्वतःच्या दारापाशी आला आणि थांबला नाही. हाताने भिंत चाचपत तसाच वर गेला. वरच्या दाराची चौकट त्याला नवी वाटली, इतक्या दिवसांनी तो तिथे उभा होता.

"अगंबाई, भावजी!" शिंप्याच्या बायकोने दार उघडले. "या. जिना खाली जातो तसा वरही येतो, हे विसरलात की काय, असंच वाटायला लागलं होतं मला."

"चुकलं वहिनी."

"कोण आहे गं?" आतून आवाज आला.

"तुमचे वेतवाले."

आतून शिंपी म्हणाला, "आंधळा वर कसा आला म्हणावं?"

"तुझ्यासारखाच," वेतवाला म्हणाला. "अंधारात."

वहिनींनी त्याचा हात धरून त्याला बसवले आणि त्या चहाच्या निमित्ताने आत गेल्या. शिंपी अगदी जवळ होता. मलमाचा वास येत होता.

"मास्तर, मला वाटलं, सरकारला तू सांगितलंस."

"मी?" शिंप्याला हसू आले, खोकलाही आला. "सरकार माझं ऐकतं होय? अरे, घरात बायको ऐकत नाही माझं."

"यंत्रानं सांगितलं. आज वाचून घेतलं सगळं. मीटर सगळं लिहूनच ठेवतो म्हणे."

"हं."

"तू पडलास तेव्हा मी दाराशी उभा होतो."

"ठाऊक आहे," शिंपी म्हणाला. "भिजल्या वेताचा वास येत होता फटीतून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू का नाही उघडलंस?"

आत कपबशा वाजल्या.

"हात कसा आहे?"

"सांधलाय. पण बोटं वळत नाहीत. मशीन विकायला काढलंय." शिंप्याने हे हवापाण्याचे बोलावे तसे सांगितले. "ते सोड. अगं, त्याची वस्तू दे त्याला."

वहिनींनी कापडाची एक गुंडाळी आणून वेतवाल्याच्या हातात ठेवली. त्याने उलगडली. काचेचा गोळा होता, गुळगुळीत, अंड्यासारखा हलका.

"मला वाटलं, तुझा बल्ब उडाला आणि तसला तापणारा आता मिळत नाही, म्हणून तू रुसून बसलास," शिंपी म्हणाला. "गावभर शोधून शेवटी एकाकडे मिळाला. त्या दिवशी पिशवीत तोच होता. अस्तराच्या कापडात गुंडाळलेला. हात मोडला, पण याला ओरखडाही नाही बघ."

आपला बल्ब धड आहे, हे वेतवाल्याने सांगितले नाही. चहा घेतला, उठला आणि गुंडाळी छातीशी धरून खाली आला.

घरात त्याने स्टुलावर चढून झरोक्यातला चांगला बल्ब काढला आणि शिंप्याचा लावला. बटणावर बोट ठेवले, तेव्हा बाईंचे शब्द आठवले. नोंद दर महिन्याला जाते. म्हणजे उद्यापासून अपिलाची आशा धरायला नको. भत्त्याचीही. त्याने बटण दाबले आणि तळहात वर धरून वाट पाहिली. हळूहळू ऊब आली, तळव्यात भरली.

"लागला का रे?" वरून शिंप्याने विचारले.

"तूच बघ की."

वरचे दार वाजले. वहिनी म्हणाल्या, "अहो, सांभाळून," आणि पावले निघाली, एक हात भिंतीवर घासत, सावकाश. जिना उतरत पावले वळणावर आली. त्या झिजक्या पायरीवर थबकली, नीट टेकली आणि पुढे आली.

शिंप्याने दार वाजवायला हात उचलला असेल. पण कडी वेतवाल्याने आधीच काढून ठेवली होती.